नंबर तेवढे आले

घड्याळजींच्या दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि ती सगळी एकच वेळ दाखवत. माणसाची ओळख करून द्यायला एवढं पुरे. स्वतःच्या लग्नात कोण किती उशिरा आलं, हे त्यांना अजून तोंडपाठ होतं.

त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यावर तिला फोटो काढायचा नाद लागला. हात जरा बसतोय तोच डोळे बिघडले. मधलं दिसेनासं झालं आणि कडेचं तेवढं दिसत राहिलं. समोरच्याचा चेहरा बघायचा तर तिला त्याच्या कानाकडे बघावं लागे, आणि कानाकडे बघून बोलणाऱ्या बाईशी लोक जरा जपूनच बोलत. कडासुद्धा फार दिवस राहायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. "बघायचं असेल ते बघून घ्या," ते म्हणाले, दुकान बंद करताना गिऱ्हाइकाला सांगतात त्या आवाजात.

तिने ते मनावर घेतलं. फोटो काढून, मोठे करून, भिंग लावून बघायचे, असा तिचा बेत. कॅमेऱ्यात रोल घड्याळजींनी घातला, कारण "बारीक काम आहे, तुम्हीच करा." त्यांनी रोलचं टोक खाचेत सरकवलं, मागचं झाकण टपकन लावलं आणि मनगटाकडे बघत म्हणाले, "झालं. नीघ आता, बस चुकेल."

आठवडाभर ती फिरली. अंदाजाने नेम धरायची, मनात आकडा मोजायची. छत्तीस झाल्यावर थांबली. कॅमेरा आणखी पुढे जायला तयार होता. पण जन्मभर आकड्यांवर पोट भरलेली बाई, तिच्या लेखी छत्तीस म्हणजे छत्तीस.

प्रश्न आला रोल द्यायचा कुठे. कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला रोल परगावी पाठवायचा. मागच्या खेपेला त्याच्याकडून भलत्याच कुणाच्या लग्नाचे फोटो आले होते.

"मुलगा बरा होता," घड्याळजी म्हणाले.

"मुलगी जास्त बरी होती. पण त्यात आपलं कोणी नव्हतं. हा रोल घराबाहेर जायचा नाही."

मग तिच्या धाकट्या भावाला बोलावणं गेलं. त्याने तरुणपणी एका स्टुडिओत तीन महिने काढले होते आणि त्या तीन महिन्यांवर तो पुढची तीस वर्षं बोलत होता.

"सोपं आहे हो भाऊजी. काळोखात फिल्म डब्यात भरायची. मग आधी डेव्हलपर, त्या औषधाने चित्र उमटतं, नंतर फिक्सर, त्याने ते पक्कं होतं, नंतर पाणी. चहा करता येतो ना?"

"नाही."

"मग थोडं अवघड आहे."

ताईच्या रोलला एवढ्यात हात लावायचा नाही, आधी दुसऱ्या रोलांवर हात साफ करायचा, असं ठरलं. मेहुण्याने आपला जुना कॅमेरा आणून दिला. घड्याळजींनी त्यावर दुकानातल्या घड्याळांचे फोटो काढले. दुसरं काही काढण्यासारखं जगात असेल, असं त्यांना सुचलं नाही.

पहिला रोल डब्यातून बाहेर निघाला तो काचेसारखा स्वच्छ. दोन बाटल्या त्यांनी दुकानातल्या शिस्तीने उंचीप्रमाणे लावल्या होत्या आणि उंच बाटलीत फिक्सर होतं.

"आधी फिक्सर ओतलंत!" मेहुण्याने कपाळावर हात मारला. "सगळं साफ झालं. बघा, कडेचे नंबरसुद्धा उरले नाहीत."

"कसले नंबर?"

"फिल्मच्या काठाला कारखान्यातूनच असतात. आपलं काम बरोबर असलं की ते उमटतात. फोटो येवोत न येवोत, नंबर आले तर समजायचं, धुणाऱ्याची चूक नाही."

दुसरा रोल धुरकट निघाला, धुक्यात उभा केल्यासारखा. इथे मेहुणाही चक्रावला. बाथरूमच्या दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला होता, खिडकीला घोंगडी होती. उजेड आला कुठून? बऱ्याच उलटतपासणीनंतर कबुलीजबाब मिळाला. किती वेळ गेला ते कळावं म्हणून घड्याळजी काळोखात दर थोड्या वेळाने मनगट डोळ्यांजवळ नेत होते. घड्याळाचे काटे रेडियमचे होते.

"काढा ते."

"घड्याळ?"

"घड्याळच."

आंघोळीलाही न उतरलेलं ते घड्याळ बेसिनच्या कडेवर गेलं. मनगटावर पांढरा पट्टा उघडा पडला. घड्याळजींनी तो दुसऱ्या हाताने झाकून धरला, चारचौघांत शर्टाचं बटण तुटल्यावर धरतात तसा.

तिसरा रोल मात्र त्यांच्या जिव्हारी लागला. भिंतीवरच्या घड्याळावर त्यांनी सेकंद न् सेकंद मोजला होता, आणि फिल्म निघाली काळी ठिक्कर.

"वेळ बरोबर होती," ते पुन्हा पुन्हा म्हणाले.

"होती की. औषध गरम होतं. गरम असलं की कमी वेळ ठेवायचं."

"म्हणजे ऊन पडलं की मिनिटं लहान करायची?"

"तसंच समजा."



तरीही खरी गोची फिल्म डब्यातल्या चाकावर चढवण्याची. केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवणारे त्यांचे हात काळोखात अगदीच अडाणी निघाले. जन्म सगळा डोळ्याला भिंग लावून गेलेला. फिल्म एका जागी चिकटे, दुसऱ्या जागी दुमडे.

"काय चाललंय आत? कुस्ती?" बायकोने बाहेरून विचारलं.

"बसत नाहीये."

"दार उघडा."

"फिल्म जाईल!"

"ती गेल्यातच जमा आहे. उघडा."

बाहेरचा दिवा मालवून ती आत आली, दार लावलं, फिल्मचं भेंडोळं हातात घेतलं आणि बोलता बोलता चढवून दिलं. एक्स्चेंजमध्ये ती न बघता तारा जोडायची, तेच बोटांना ठाऊक होतं. डब्याचं झाकण लावून म्हणाली, "एवढंच? मला आधी बोलवायला तोंड नव्हतं?"

त्या रोलवर घड्याळं उमटली. कडेला नंबरही होते. घड्याळजींनी फिल्म उजेडात धरली, भिंग लावलं आणि हळहळत म्हणाले, "तिसरं मागे पडतंय."

आता तिचा रोल. तोवर तिला कडेचंही अंधुक दिसायला लागलं होतं, म्हणून मेहुणा गावाहून परतायची वाट कोणी बघितली नाही. घड्याळजींनी कॅमेऱ्याची कळ फिरवून रोल गुंडाळायला घेतला.

"बघ, काय लोण्यासारखं फिरतंय. मी तेल दिलं होतं ना."

"दिव्य केलंत. आटपा."

घड्याळ बेसिनवर. काळोखात फिल्म तिने चढवली. औषध थंड करून घेतलेलं, बाटल्यांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे. एकही चूक झाली नाही. धुऊन झाल्यावर त्यांनी दिवा लावला आणि फिल्म उलगडली.

फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. त्यांनी भिंग काढलं. काठावर नंबर होते. एकापासून छत्तीसपर्यंत, ठसठशीत, एकही न गाळता. मधे काही नाही.

लोण्यासारखी फिरलेली ती कळ त्यांच्या बोटांना आता आठवली.

"आले?" तिने विचारलं.

"नंबर आले."

"आणि?"

"नंबर तेवढे आले." मग त्यांनी सांगून टाकलं. "टोक अडकलंच नव्हतं. कॅमेऱ्यातलं चाक नुसतं फिरत राहिलं, फिल्म जागची हलली नाही. मी घातला होता रोल."

ती टबाच्या काठावर बसली. नळ ठिबकत होता. तो बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

"उद्या दुसरा आणू," ते म्हणाले. "परत काढ."

"कशाने काढू?"

मग तिनेच फिल्मची शेपटी चाचपून हातात घेतली.

"वाचा नंबर."

"कशाला?"

"वाचा हो."

"एक."

"एकवर तुम्ही. दुकानात, पोट आत ओढून. वाटलं मला दिसत नाही. पुढे."

"दोन."

"एक्स्चेंजचं फाटक. वॉचमनने हटकलं. म्हटलं, इथे उभा जन्म गेलाय माझा. तर म्हणाला, असेल. पुढे."

ते वाचत गेले, ती जोडत गेली. भाऊ, खुर्चीत झोपलेला. स्वयंपाकघराची खिडकी, दोनदा, कारण पहिल्यांदा हात हलला. प्रत्येक नंबराशेजारच्या कोऱ्या जागेकडे ते भिंगातून बघत होते.

"अकरा."

तिची बोटं फिल्मवर मागेपुढे फिरली.

"अकरा," त्यांनी पुन्हा वाचलं.

"ऐकलं मी. अकरावर… थांबा. चांगलं होतं काहीतरी. बटण दाबताना हसू आलं होतं मला."

"माणूस होतं की वस्तू?"

"थांबा ना जरा."

ते थांबले. किती वेळ झाला, म्हणून सवयीने मनगट वर केलं. तिथे पांढरा पट्टा होता.