पालीवालीचा संदर्भ

वैजनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात नव्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. फोनवर तलवाड्याहून त्याचा धाकटा भाऊ होता. ‘ताई, दादा गेला,’ म्हणाला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मी फोन ठेवला आणि हातातली चिठ्ठी चिकटवून टाकली. ती तिरकी बसली. अजून तशीच आहे, काढून नीट लावायची इच्छा होत नाही.

वैजनाथ बीडच्या आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मानधन, सुट्टी लागली की घरी. तलवाड्यात त्याच्या घरचं किराणा दुकान. लिंगायत व्यापाऱ्याचं घर, थोरल्यानं गादीवर बसावं अशी वडिलांची साधी अपेक्षा. हा गादीवर बसायचा खरा, पण गिऱ्हाइकाला माल देण्याऐवजी ‘मावशी, तुमच्या घरची जवारी कुठली? कुणी दिलती?’ असं विचारत बसायचा. वडिलांनी शेवटी हात टेकले. माझी त्याची ओळख झाली ती संदर्भसूचीमुळं. सगळ्या महाविद्यालयाच्या शोधनिबंधांच्या संदर्भसूच्या माझ्याकडंच येतात. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षर, वर्ष कंसात… कोण काय वाचतं हे त्यामुळं मला चांगलं ठाऊक आहे. बहुतेकांनी काहीच वाचलेलं नसतं. वैजनाथची यादी पाहिली तेव्हा मात्र मी चष्मा पुसून परत घातला. पुस्तकं संपल्यावर खाली नुसत्या बायकाच होत्या.

त्याचा निबंध ज्वारीच्या जुन्या वाणांवर होता. आमच्याकडं सुनेला सासरी तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही, माहेरच्या गावावरून मारतात. पालीची मुलगी तलवाड्यात आली की ती मरेपर्यंत पालीवाली. लग्न होऊन येताना या बाया माहेरचं बियाणं पदराला बांधून आणत, राखेत घोळून मडक्यात जपत आणि शेजारणींना देत. त्या बियाण्यालाही मग तिचंच नाव पडे. पालीवालीची जवारी म्हटलं की ती बिंदुसरा नदीच्या काठची, वाकड्या मानेच्या कणसाची, हे सगळ्या आळीला कळे. हे सांगताना वैजनाथचा चेहरा उजळायचा. ‘ताई, ह्यो संदर्भच हाय की. कुणाकडनं आलं, कुठनं आलं, समदं एका नावात. अजून काय पायजे त्यांला?’

त्यांना आडनाव पाहिजे होतं. नियतकालिकाकडून हस्तलिखित परत आलं, शेरा असा की लेखकाचे पूर्ण नाव द्यावे. मीही म्हटलं, अहो सर, पालीवाली हे काय नाव झालं? बिचारा तलवाड्यात दारोदार फिरून नावं विचारून आला. पालीवालीनं त्याला वर तोंड करून विचारलं होतं, ‘नाव कावून पायजे बाबा? रेशन देनार हायेस का?’ तेव्हा त्यानं शब्द दिला, ‘मावशी, पुस्तकात छापून येनार हाय तुमचं नाव, तुमच्या जवारीसंगं.’ सासरची आडनावं घालून आम्ही यादी पुन्हा लावली. पण तिघीजणी एकाच भावकीतल्या, आडनाव एक आणि आद्याक्षरही एकच. नियतकालिकाच्या संगणकानं एकच नोंद चुकून तीनदा आली असं समजून दोघींना काढून टाकलं. आम्ही दोघं खूप हसलो त्या दिवशी. हसण्यासारखं तेवढंच होतं.

पुढं खरं घोडं पेंड खाऊ लागलं. कळवण्यात आलं की बोलण्यातून मिळालेली माहिती संदर्भसूचीत घेता येत नाही. छापील असेल तेच सूचीत, बाकी निबंधाच्या ओघात कंसात ‘वैयक्तिक संवाद’ असं लिहावं. नियम जुनाच आहे, मला ठाऊक होता. वैजनाथला पटेना. विभागप्रमुखांची संपादकांशी ओळख होती. ते म्हणाले, मी बोलतो, पण मग माझं नाव पहिलं आणि प्राचार्यांचं दुसरं. निबंधातलं एक कणीसही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा कसे येऊन बसतात हे मी आयुष्यभर पाहिलंय, तरी मला राग आला. कायमच्या जागेच्या मुलाखतीत पहिल्या नावालाच किंमत असते, हे मी त्याला परोपरीनं सांगितलं. तो म्हणाला, ‘माझं मागं गेलं तरी चालतंय ताई. बायांची तेवढी यादीत ऱ्हाऊ द्या. मी शब्द दिलाय.’

तोवर त्याचं पोट दुखायला लागलं होतं. तपासण्या उशिरा झाल्या, तेव्हा डॉक्टरांकडं सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मी शेवटची भेटले ती तलवाड्यात, दुकानामागच्या खोलीत. अंगावर मांस राहिलं नव्हतं. कपाळावर भस्माचे पट्टे आणि त्याखाली नुसते डोळे. ‘आलं का वो?’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, छपाईला गेलंय. ‘यादी हाय ना तशीच?’ मी म्हटलं, बोललेत ते. त्यानं मान हलवली आणि डोळे मिटले… मला वाटलं झोपला. ‘दुसरी पोरं लिवतील मंग ह्या बायांवर,’ असं काहीतरी पुटपुटला. त्यांच्या रीतीप्रमाणं त्याला बसवून समाधी दिली. बसलेला पाहून मला वाटलं, आता माझ्याकडं वळून काहीतरी विचारील. तसं काही होत नसतं.

अंक आला तो तिसऱ्याच्या जेवणानंतर काही दिवसांनी. मी उघडला तो शेवटच्या पानावर, सवयच तशी. सूची सुबक होती, एकही स्वल्पविराम चुकला नव्हता. बाया नव्हत्या. ओघातल्या कंसातही नव्हत्या. तळाशी एक ओळ होती, ‘स्थानिक शेतकऱ्यांचे आभार.’ विभागप्रमुखांना विचारलं तर म्हणाले, धोरण असतं हो त्यांचं, आपण काय करणार. प्रयोगशाळेच्या कपाटात वैजनाथनं आणलेलं बियाणं होतं, ते पाहायला गेले तर पुड्यांत पीठ झालेलं. किडीनं खाल्लं. राख कुणी घातलीच नव्हती.

अंक घेऊन मी तलवाड्याला गेले. पालीवाली ओसरीवर बसली होती. तिच्या रानात आता कापूस असतो. एकट्याच्या रानात जवारी लावली तर पाखरंच खातात, म्हणून पोरांनी सोडून दिली, आणि मडकंही कधीचं फुटलं. तिनं अंक हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ‘माझं नाव कुठंशिक हाय?’ मी खोटं बोलू शकले नाही. नाही आलं, म्हटलं. तिनं अंक मिटून परत दिला. ‘न्हाई तर न्हाई,’ म्हणाली, ‘आमचं कुठं असतंय. सरांचं तर हाय ना?’ आहे, म्हटलं. तिला बरं वाटलं. उठून तिनं मला चहा ठेवला.

परवा वार्षिक अहवालासाठी वर्षभरात प्रसिद्ध झालेले निबंध नोंदवायला बसले. दुपारची वेळ होती. समोरच्या खुर्चीवर याच वेळी वैजनाथ येऊन बसायचा. आता तिथं परत आलेली पुस्तकं ठेवते, रिकामी बघवत नाही. लेखक तीन असले की पहिल्याचं नाव लिहायचं आणि पुढच्यांसाठी दोन शब्द, असा नियम आहे. दरवर्षी नव्या प्राध्यापकांना तो मीच शिकवते. यापुढं जो कुणी हा निबंध वापरील, तोही असंच लिहील. मी विभागप्रमुखांचं आडनाव टाइप केलं, स्वल्पविराम दिला, आद्याक्षर दिलं. तलवाड्यात पालीवालीला मी सरांचं नाव ‘आहे’ म्हणून सांगून आले होते… मग ‘आणि इतर’ असं टाइप केलं आणि पुढची नोंद घेतली.