जिंकलेल्यांची पंगत

माझ्या सासऱ्यांच्या नावाने मी एकदा आजूबाजूच्या सगळ्या गावांना जेवायला बोलावलं. ही गोष्ट मला, सासऱ्यांना आणि स्वयंपाक करणाऱ्या सासूबाईंना जेवणाच्या दिवशी सकाळी कळली.

अमरावतीत माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करून देण्याचं दुकान आहे. स्वभावाने मी तंद्रीत राहणारा. (एकदा नवरीच्या जागी नवरदेवाच्या काकांचा फोटो छापला होता. काका खूश होते, बाकी कोणी नव्हतं.) बायको, वंदना, कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते आणि कायम जागी असते. एका घराला एवढं पुरतं.

सासरे, म्हणजे मामाजी, नांदगाव खंडेश्वरजवळच्या त्यांच्या गावात जत्रा समितीचे अध्यक्ष. आदल्या साली पाऊस नव्हता, त्या साली बोंडअळीने कापूस खाल्ला. लोकांचं जत्रेत मनच लागेना. सरपंचांनी सांगूनच टाकलं होतं, यंदा मैदान भरलं नाही तर पुढच्या सालापासून जत्रा बंद. तेव्हापासून मामाजींचं जेवण कमी झालं होतं. त्यांचं लग्न त्या जत्रेत ठरलेलं, वंदनाचे कान त्या जत्रेत टोचलेले.

"जत्रा गेली तं गावात मंग राह्यलं काय, जावईबापू?" ते मला म्हणाले, आणि मला भडभडून आलं. भडभडून आलं की मला कल्पना सुचतात, हा माझा जुना आजार आहे.

"मामाजी, आपण मोबाइलवरचा गेम करू! जत्रेची जाहिरात!"

"लोकं घराबाहेर निंगून नाई राह्यले, अन् तुमी त्याइले घरी बसाले खेळणं देता?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी तो ऐकला नाही.

गेमचं नाव 'वाट जुळवा'. कोडं सोपं होतं. रस्त्याचे विस्कटलेले तुकडे बोटाने फिरवून जोडायचे, की एक बैलगाडी गावातून निघून जत्रेत पोचते. तुकडे कसे फिरतील ते वंदना बघायची, मी चित्रं काढायचो. काय दिवस होते ते! मी जांभळं आभाळ काढलं. पळसाला फुलं काढली. नदीत काठोकाठ पाणी काढलं (त्या दिवसांत ते फक्त माझ्याच नदीत होतं). आकाशपाळणा इतका हळू फिरवला की बघता बघता डोळे मिटावेत, आणि माझे मिटायचेही. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि मी मनाने बैलगाडीत बसून संत्र्यांच्या बागांतून चाललेला असायचो. चौकात सिग्नलला थांबलो की वाटायचं, हा समोरचा रस्ता बोटाने जरा फिरवला तर सरळ घरी पोचता येईल. मागच्या ऑटोवाल्याचं मत वेगळं पडायचं.

तयार गेम मामाजींच्या हातात दिला. त्यांनी एक तुकडा उलटा लावला. बैल मटकन बसले आणि अक्षरं आली, 'वाट चुकली!'

"हे काय होय?"

"तुम्ही हरलात, मामाजी."

त्यांनी फोन हळूच खाटेवर ठेवला. "लोकं रोजच हारून राह्यले, बापू. आता हे डबडंबी त्याइले तेच सांगन काय? जिंकू द्या ना सगळ्याइले."

वंदनाने मुकाट्याने लॅपटॉप उघडला. संध्याकाळपर्यंत गेम असा झाला की कुठलाही तुकडा कसाही लावा, गाडी जत्रेतच पोचायची. जगात असं काहीतरी एक असावं, असं मला फार वाटलं. मी तर डोळेच पुसले.

"आता शेवटी दाखवायला चार ओळी लिहून दे," वंदना म्हणाली. माझ्यासमोर एक अर्जंट लग्नपत्रिका होती, आणि मन जांभळ्या आभाळात. हाताला वीस वर्षांची सवय. हाताने लिहून टाकलं : 'अभिनंदन! आपणांस जत्रेच्या दिवशी सहकुटुंब चूलबंद आवतन. रोडगे आणि वांग्याची भाजी. स्थळ : राहते घर.' खाली मामाजींचं पूर्ण नाव, 'आपले नम्र' म्हणून.

आमच्या वऱ्हाडात चूलबंद आवतन म्हणजे थट्टा नाही. घरातल्या एकाने जाऊन यायचं, असं ते नसतं. त्या दिवशी त्या घरची चूलच पेटत नाही आणि तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे पंगतीला येतात. मला ते शब्द केवळ सुंदर वाटले होते. वंदनाने वाचून 'सहकुटुंब'मधला ऱ्हस्व उकार तपासला. जेवण तपासलं नाही.

गेम फोनवरच्या ग्रुपमधून गावोगाव फिरला. हरणं शक्यच नसल्यामुळे सगळे जिंकले!

जत्रेच्या दिवशी सकाळी मामाजी नवा धोतरजोडा नेसून मैदानावर उभे होते. शेजारी मी, शेजारी सरपंच. मैदानात एक आकाशपाळणा, एक कुत्रं, आणि कोवळं ऊन. दहा वाजले. अकरा वाजले. कुत्रंही गेलं.

"पाह्यलं ना, भाऊ?" सरपंच म्हणाले. तेही खूश नव्हते. मामाजी डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभे राहिले. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. मला ती बैलगाडी हवी होती, कुठेही जाणारी.

तेवढ्यात मामाजींना सासूबाईंचा फोन आला. "घरी या! मानसं आली!"

"कोन मानसं?"

"जिंकलेली!"

आम्ही धावत सुटलो. गल्लीच्या तोंडापासून माणसं! बैलगाड्या, मोटरसायकली, कडेवरची पोरं, पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्या. प्रत्येक जण दारात फोन पुढे करून जिंकल्याचं चित्र दाखवत होता आणि अदबीने आत जात होता. पातूरचे रहीमचाचा, दरवर्षी जत्रेत बांगड्यांचं दुकान लावणारे, ओसरीवर गाठोडं सोडून बसलेही होते.

"चाचा, दुकान इथं?"

"अरे दामादजी, पब्लिक जिधर, दुकान उधर! और हम भी जीते हैं. चूल्हा बंद करके आए हैं, पूरे सात जन."

"जिंकाले लय सोपं होतं, बरं का," एका आजींनी मला सांगितलं. "माह्या बैलानंच जिंकला, नाकानं! त्यालेबी आनलं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात पिठाची परात होती, आणि ती परात त्यांनी पिठासाठीच वापरली, हा त्यांचा मोठेपणा.

"मामाजी, मी सगळ्यांना सांगतो, चूक माझी आहे, परत जा म्हणून," मी म्हणालो.

"खबरदार!" मामाजी कडाडले. "चूलबंद आवतन देऊन मानूस उपाशी धाडाचा? माह्या नावानं? वंदे, घरोघर जाय, पीठ माग. वांगे कोनाच्या मळ्यात हायेत ते पाय. गोवऱ्या आना!"

पण रोडगे भाजायला गोवऱ्यांचा विस्तव लागतो आणि विस्तवाला जागा. अंगणात तर चुलीलाही जागा उरली नव्हती. मामाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि टोपी डोक्यावर घातली.

"चला रे सारे! मैदानावर!"

आणि सगळी गल्ली उठून चालू लागली. बैलगाड्या, आजी, आजींचा बैल, परात, गाठोडं. सरपंच मैदानात एकटेच बसून होते, ते उठून उभे राहिले. दुपारपर्यंत मैदानभर धुराच्या निळसर रेघा चढल्या. बाया गोल बसून कणीक तिंबत होत्या, पुरुष वांगी चिरत होते, बांगड्या किणकिणत होत्या, आणि आकाशपाळणा वर बसलेल्यांना न्याहाळता यावं म्हणून की काय, अगदी हळू फिरत होता. बोंडअळीचं नाव कोणी काढलं नाही. मामाजी पंगतीत वाढता वाढता मध्येच खाली बसले आणि चार रोडगे जेवले. मी मोजले. मला रडू येत होतं, आणि धुरामुळे ते खपून गेलं.

सरपंचांनी हात धुऊन तिथेच समितीची बैठक घेतली. ठराव दोन झाले, दोन्ही एकमताने. पहिला, जत्रा दरवर्षी भरेल.

दुसऱ्या ठरावाप्रमाणे जत्रेची तारीख जावईबापूंना दरवर्षी आदराने कळवण्यात येते, जत्रा होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी.