टेस्टरभाऊ आणि माझा फ्रीजर

वीज दुरुस्त करायला आलेला माणूस आधी खुर्ची मागतो, हे मी टेस्टरभाऊंकडे पाहिलं. बाकीचे वायरमन दारातूनच बोर्डाकडे धावतात, झाकण उघडतात, स्क्रू तोंडात धरतात. हे आत यायचे, बसायचे, चहा होईल का विचारायचे आणि चहा संपेपर्यंत बोर्डाकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी एकदा म्हटलं, अहो, आधी बघा तरी. तर म्हणाले, "बिघाड कुठं पळून जात नाय वैनी. आपण घाई केली की तो लपून बसतो."

त्यांचं खरं नाव आमच्या रत्नागिरीच्या मांडवीत कुणी घेत नसे. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला, आणि बोलताना बोटाच्या जागी तोच पुढे. कुणाचं घर दाखवायचं तरी टेस्टरनं, कुणाला दम द्यायचा तरी टेस्टरनं. माझ्याकडे मासे घ्यायला आले की बांगड्याचा कल्ला टेस्टरच्या टोकानं उचलून आत लाल आहे का बघायचे. मी ओरडायचे. त्यावरून एकदा चांगलंच वाजलं आणि आमचं बोलणं बंद झालं. ते देवमाणूस वगैरे नव्हते. सांगितलेल्या वेळेला कधी यायचे नाहीत, भिंतीचा चुरा तसाच टाकून जायचे आणि स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच करायचे.

मी मूळची नाटे गावची. चौथी झाली आणि माशाची टोपली डोक्यावर आली. गुडघे गेले तेव्हा बाजारात बसणं सोडलं आणि मांडवीत दोन खोल्यांचा ब्लॉक भाड्यानं घेतला. सकाळी माल घरी यायचा, मी साफ करून पिशव्या भरून फ्रीजरमध्ये ठेवायची, आणि आजूबाजूच्या बायका कामावरून येताना घेऊन जायच्या. तो फ्रीजर म्हणजे माझं दुकान. दुसरं काही नव्हतं.

एका दिवाळीनंतर संध्याकाळी दाराजवळचा ब्रेकर पडायला लागला. पडला की सगळं घर बंद. वर केला की पुन्हा पडायचा. कधी थोड्या वेळानं वर केला की मग टिकायचा. दोन वायरमन येऊन गेले. दोघेही दिवसा आले, दिवसा सगळं ठीक चालत होतं. दोघांनीही घरातली सगळ्यात मोठी आणि जुनी वस्तू पाहिली आणि फ्रीजरवर बोट ठेवलं. एकानं तर तो उघडूनही पाहिला नाही. त्यानं मुंबईला घरमालकांना फोन करून तसं सांगितलं. मालक सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, मावशी, महिनाअखेरपर्यंत फ्रीजर तरी काढा, नाहीतर दुसरी जागा तरी बघा. फ्रीजर काढून मी त्या घरात करणार काय होते? भिंती चाटणार?

मग अबोला गिळून टेस्टरभाऊंना निरोप धाडला. ते दुपारी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दोघांचं झाल्यावर आमची आठवण." मी चहा पुढे ठेवला.

त्यांची बिघाड शोधायची तऱ्हा वेगळीच होती. वीज गेली तेव्हा घरात जे जे चाललं होतं, ते सगळं पुन्हा करून दाखवायला लावायचे. आमच्याच आळीतल्या एका घरात त्यांनी अख्ख्या कुटुंबाकडून सकाळ पुन्हा करून घेतली होती. पाहुणा आलेल्या जावयाला कपड्यांसकट न्हाणीघरात उभं केलं, सासूला मिक्सर लावायला सांगितलं, मुलीला इस्त्री. लोक हसत होते आणि हे गंभीर. शेवटी दोष गीझरचा निघाला. जावई मात्र पुढे बरेच दिवस त्या घरी राहायला आला नाही.

चहा संपवून ते मला म्हणाले, "कालची संध्याकाळ परत करा."

मी म्हटलं, बाहेर ऊन आहे. म्हणाले, उन्हाचं आपण नंतर बघू. मग मी करायला लागले. रोजची कामं अशी मुद्दाम करून दाखवताना माणसाला आपलीच लाज वाटते. गॅलरीत गेले, तिथं सुकत घातलेले बोंबील आणि सोडे तारेच्या टोपलीत भरले. त्या वर्षी एक बोका नव्यानं घरात शिरत होता, म्हणून रात्रीसाठी ही टोपली मी बाहेरच्या खोलीत स्लॅबच्या कडीला टांगायची. स्टुलावर चढून टांगली. उतरले. खाली बसले, गुडघे चोळले आणि पंखा लावला.

ब्रेकर पडला.

टेस्टरभाऊ उठले नाहीत. नुसते वर बघत राहिले. मग मला विचारलं, टोपली टांगताना कधी हाताला झिणझिण्या येतात का? मी म्हटलं, पंखा चालू राहिला असला तर येतात, वयानं येत असतील. तेव्हा मात्र ते तडकले. "वयानं झिणझिण्या येतात त्या पायाला, वैनी. पुन्हा त्या कडीला हात लावलात तर मी तुमच्या तेराव्याच्या जेवणाला येईन."

मेन बंद करून त्यांनी कडीजवळचा गिलावा खरवडला. पंख्याकडे जाणारी वायर स्लॅबमधून अगदी कडीला घासून गेली होती आणि तिचं वरचं आवरण फाटलं होतं. टोपलीच्या ओझ्यानं कडी जराशी सरकायची आणि उघड्या तारेला लागायची; पंखा लावला की त्या तारेत वीज यायची. दिवसा टोपली गॅलरीत, म्हणून दिवसा सगळं ठीक.

त्यांनी मालकांना स्पीकरवर फोन लावला. आता मालक विचारणार, कडीला टोपली टांगली कोणी? पण टेस्टरभाऊंनी कडीचं नावही काढलं नाही. तब्येत विचारली, मुलाबाळांचं विचारलं, मग विचारलं, तुमचा गणपती हल्ली कुठं बसतो? मालक खुलले. आता मुंबईलाच, पण पूर्वी याच घरात, याच बाहेरच्या खोलीत बसायचा. देवाच्या डोक्यावर माटवी, म्हणजे फळाफुलांची चौकट, टांगायला वडिलांनी स्वतः ड्रिल मारून कडी बसवली होती. नारळ, काकड्या, कवंडळं, एवढं ओझं लागायचं तिला, पण कधी हलली नाही. टेस्टरभाऊंनी त्यांना पोटभर बोलू दिलं. मग म्हणाले, "त्या ड्रिलनंच वायर सोललीय. तेव्हा घरात हा ब्रेकर नव्हता म्हणून कळलं नाय. फ्रीजर एकदम चांगला हाय."

मग मालक हळूच म्हणाले, कडी तेवढी काढू नका. वडिलांच्या हातची आहे.

"नाय काढत. वायर दुसरीकडून फिरवतो."

मालकांनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितलं. "फ्रीजर राहू द्या, मावशी," एवढंच बोलले.

टेस्टरभाऊंनी भिंतीवरून पांढरी पट्टी मारून वायर पंख्यापर्यंत नेली. पट्टी वाकडी मारली. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, वीज काय सरळ वाकडं बघत नाही. अजून ती वाकडीच आहे. चुराही मीच झाडला.

पुढे त्यांची नजर कमी झाली. लाल आणि काळ्या वायरीतला फरक कळेनासा झाला त्या दिवशी त्यांनी काम बंद केलं, कुणाच्या सांगण्यावरून नाही. मुलगा बुरोंडीला राहतो, त्याच्याकडे कायमचं जायचं ठरलं. निघायच्या सकाळी निरोप घ्यायला आले. बसले, चहा घेतला. मी फ्रीजरमधून सुरमईच्या जाड तुकड्यांची पिशवी काढली, वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळली आणि पुढे केली.

ते हसले. "वैनी, बुरोंडीला मासे घेऊन जाऊ? दारात होड्या लागतात तिथं. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, लोकांना सांगा, हा मासा रत्नागिरीहून आलाय, माझ्या फ्रीजरमधला.

पिशवी त्यांनी हातात तोलली, कपड्यांच्या बॅगेत अगदी वर ठेवली आणि एसटी चुकेल म्हणून उठले.