उंबऱ्यातलं ‘येतो’

आमच्या बँकेच्या धुळ्यातल्या शाखेत ओडिशाहून बदलून आलेली एक मुलगी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. एका रविवारी मी तिला आणि आईला घेऊन ऐतिहासिक सिनेमाला गेले.

सिनेमात एक सरदार मोहिमेवर निघतो. उंबऱ्यात थांबून बायकोला म्हणतो, “येतो.” एवढंच. ना मागे संगीत, ना पडद्यावर कुणाच्या डोळ्यांत पाणी. पण सगळं थिएटर चिडीचूप झालं, आजूबाजूचे लोक डोळे पुसू लागले, आणि शेजारी आईनेही पदर डोळ्यांना लावला. तो परत येत नाही, हे आम्हाला शाळेच्या पुस्तकातून, पोवाड्यातून लहानपणापासून माहीत होतं. दिग्दर्शकालाही ते माहीत होतं. म्हणून त्याने एका शब्दावर काम भागवलं. त्याचं मला फार कौतुक वाटलं.

तेवढ्यात ती मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, “सब रो क्यों रहे हैं? अभी तो कुछ हुआ ही नहीं.”

मी घरी येताना आईला हे सांगितलं. मला वाटलं, आई हसेल. ती म्हणाली, “तिले गोष्टच म्हाईत नही, रडू कसं येई? तिले जेवाले बलाव.”

दोन दिवसांनी ती जेवायला आली. कळण्याची भाकरी आणि शेवभाजी वाढता वाढता आईने त्या सरदाराची गोष्ट अहिराणीतून सांगितली, अगदी घरातल्या माणसाची सांगावी तशी. मी हिंदीत सांगत होते, पण आईचे हातवारे पाहून माझी फारशी गरज उरली नाही. भाकरी ताटात तशीच निवली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघी पुन्हा तोच सिनेमा बघायला गेलो. सरदार उंबऱ्याशी आला, अजून बोललाही नव्हता, तोच तिने आईचा हात घट्ट धरला.

रिक्षात बसल्यावर तिने आईला विचारलं, “उसकी बीवी का आगे क्या हुआ?”

मी आईकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक असायचं. ती रस्त्याकडे बघत हळूच म्हणाली, “ते माले कोनी सांगंच नही.”