एक काना

लष्करी तुरुंगाच्या दवाखान्यातल्या ड्रेसरला सगळे तोंडावर ‘मामा’ म्हणत आणि पाठ वळली की ‘वेलांटी’. हे दुसरं नाव मामांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. फाटकावर ‘परवानगिशिवाय आत येवू नये’ अशी पाटी लागली, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते स्टूल आणि रंगाचा डबा घेऊन गेले आणि दोन्ही चुका दुरुस्त करून आले.

“मामा, एवढ्यासाठी काय कैदी पळून जाणार होता?” पहारेकऱ्याने विचारलं.

“पळो न पळो, जाताना वाचेल तरी नीट.”

दवाखाना म्हणजे एकच खोली. लोखंडी खाट, पांढरा रंग फासलेली खिडकी, इनॅमलचं तसराळं आणि स्पिरिटचा वास. टेबलावर जखमांची नोंदवही. पानांना आकडे घातलेले, खाडाखोडीला बंदी. काही बदलायचं झालं तर ज्याने लिहिलं त्यानेच लाल शाईने बदलावं आणि बाजूला सही करावी, हा नियमही मामांनीच साहेबांच्या मागे लागून करून घेतला होता. वहीतला शेवटचा रकाना ‘कारण’. तो इतका अरुंद की त्यात एकच शब्द मावे. मामा अकरा वर्षं तोच शब्द लिहीत आले होते. पडला.

मागच्या इमारतीत चौकशीच्या खोल्या होत्या. तिथून दोन शिपाई कैद्याला बखोटीला धरून आणत, खाटेवर टाकत आणि सांगत, “पडला. लिहा.” मामा लिहीत. पडणारा माणूस गुडघ्यावर, कोपरावर, फार तर हनुवटीवर आपटतो, तळपायावर कुणी पडत नाही, हे त्यांना कळत होतं. पण आपलं काम जखम बांधायचं, कारण ठरवायचं नाही, असं त्यांनी मनाला बजावून ठेवलं होतं. अक्षर मात्र सुरेख काढत.

मग तो शिंपी आला. कुणासाठी तरी त्याने खाकी कपडे शिवले होते. कुणासाठी, हे त्याच्याकडून काढून घ्यायचं होतं आणि तो सांगत नव्हता. पहिल्यांदा आला तेव्हा ओठ फाटलेला. दुसऱ्यांदा पाठ. तिसऱ्यांदा उजव्या हाताची तीन बोटं. मामा बोटांना फळ्या लावत होते, तेव्हा तो त्यांच्या गळ्याकडे बघत होता.

“मामा, कॉलर उसवलीय तुमची. कुणी शिवली?”

“बोलू नकोस. दुखेल.”

“दुखायचं ते दुखून झालं. सुई धरता येईल का एवढं सांगा.”

“मोठ्या दवाखान्यात नेलं तर येईल. इथे नाही.”

“आणि परत त्या खोलीत नेलं तर?”

मामांनी पट्टीची गाठ मारली. शिंप्याच्या बायकोने कोर्टात अर्ज केला होता, त्यावरून गुरुवारी न्यायाधीश बाई पाहणीला येणार होत्या. त्या वही बघणार. वहीत ‘पडला’ असलं तर शिंपी शुक्रवारी पुन्हा चौकशीला, हे ठरलेलं होतं.

शिपाई म्हणाला, “लिहा मामा. पडला.”

“जेवून येऊन लिहितो,” मामा म्हणाले. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

घर फाटकापासून हाकेच्या अंतरावर. बायकोने ताट वाढलं आणि नवऱ्याचा चेहरा बघून विचारलं, “आज काय झालं?”

“एक शिंपी आहे. पडला.”

“परवाही तोच पडला म्हणालात.”

“हो. तिसऱ्यांदा.”

“त्याला उभं राहता येत नाही, का कुणी राहू देत नाही?”

मामा जेवत राहिले. तिने पाण्याचा तांब्या जरा जोरातच ठेवला.

“लग्न झाल्यापासून माझ्या चिठ्ठ्यांतल्या चुका काढताय. साबणाच्या ‘ण’ला ‘न’ लिहिला म्हणून आठवडाभर ऐकवलंत. मग तिकडे स्वतःच्या हाताने काय लिहिता, ते वाचून बघत नाही वाटतं कधी?”

त्यावर मामांनी हात धुतले आणि दवाखान्यात परत आले. शिंप्याच्या नावापुढे ‘प’ लिहिला, काना दिला आणि शब्द पुरा केला. पाडला.

बुधवारी सकाळी हेडक्लार्क वही तपासायला आला. मामांचा जुना दोस्त, रोज सोबत चहा घेणारा. त्याने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

“वेलांटीबुवा, हे काय? झाड पाडतात, भिंत पाडतात. माणूस पाडला असं कुणी लिहितं का?”

“इथे पाडतात, म्हणून इथे लिहिलं.”

“निवृत्तीला सात महिने राहिलेत रे तुझ्या.”

“शुद्ध लिहायला तेवढे पुरतील.”

हेडक्लार्क हसला नाही. वही काखेत घेऊन निघून गेला आणि अर्ध्या तासात मामांना चौकशीवाल्या साहेबांकडून बोलावणं आलं.

साहेबांच्या टेबलावर वही उघडी होती आणि शेजारी लाल पेन. साहेब गोड बोलणारे होते.

“बसा. तुमच्या हातून चूक झाली, ही बातमीच आहे हो. एक काना जास्त पडलाय. काढून टाका, सही करा.”

“पडला नाही साहेब, दिला.”

“एका उभ्या काठीचा तर प्रश्न आहे.”

“काठीचाच प्रश्न आहे. ती तुमच्या खोलीतली. मी फक्त कागदावर आणली.”

साहेबांचा गोडवा गेला. “तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का?”

“बोटं पाहिली. तिन्ही एकाच रेषेत मोडलीत. आणि हाताला दुसरीकडे ओरखडासुद्धा नाही. असं पडून दाखवणारा माणूस मला भेटायचाय.”

“उद्या तुमची बदली सीमेवरच्या ठाण्यात होऊ शकते.”

“तिथेही पाट्या असतीलच,” मामा म्हणाले आणि उठले. पेन टेबलावर तसंच राहिलं. दुसऱ्या कुणी त्या अक्षराला हात लावला असता तर नियम मोडला असता आणि तो साहेबांच्याच सहीने लागू झालेला होता.

गुरुवारी न्यायाधीश बाई आल्या. पदराने कपाळ पुसत खाटेशेजारी बसल्या, शिंप्याचा हात बघितला, वही बघितली.

साहेब म्हणाले, “ती लिहिण्यातली चूक आहे.”

बाई मामांकडे वळल्या. “चूक आहे का?”

“आहे, बाईसाहेब. पण या पानावर नाही.”

बाईंनी शिंप्याला त्याच दिवशी बाहेरच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचा हुकूम लिहिला. शिपाई या वेळी बखोटीला धरायला धजले नाहीत, स्ट्रेचर आणलं. जाताना शिंपी मामांना म्हणाला, “हात बरा झाला की कॉलर घेऊन या.”

“येईन.”

मग मामांनी खिशातून स्वतःचं लाल पेन काढलं, वहीचं पहिलं पान उघडलं आणि खुर्ची ओढून बसले.

“हे काय चाललंय?” साहेबांनी विचारलं.

“दुरुस्ती. ज्याने लिहिलं त्यानेच करायची असते.”

“थांबवा हे.”

“लिहू द्या त्यांना,” बाई म्हणाल्या आणि आपली खुर्ची मामांच्या शेजारी सरकवली.

काना, सही. काना, सही. प्रत्येक ओळीपाशी मामा थांबत, जखम आठवत. तळपाय. बरगडी. कानाचा पडदा. आणि मगच काना देत. सही करताना मात्र हात जड होत होता, कारण खालचं सुरेख अक्षरही त्यांचंच होतं. चौथ्या पानावरची एक ओळ त्यांनी तशीच सोडली.

बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. “हा राहिला.”

“नाही,” मामा म्हणाले. “हा खरंच पडला होता. न्हाणीत, साबणावरून.”

आणि त्यांनी पान उलटलं.