वेचणीचं बोट

डोळे गेल्यावर शेतातलं एकच काम माझ्याकडे उरलं, कापूस वेचणं. तेलंगणातल्या आमच्या बेला गावाकडे वेचणी बायकांची. त्यांच्या ओळीत मी एकटा बाप्या, कमरेला ओटी बांधून. बोंडाला हात लावला की फुटलेलं कोणतं, किडून कडक झालेली कवडी कोणती, अळी कुठे बसलीय, हे मला त्यांच्याआधी कळायचं. बायको पलीकडच्या तासातून, म्हणजे ओळीतून, ओरडायची, "यायच्या बोटाले डोळे हायेत, बाई!" मला ते फार आवडायचं. आंधळ्याला गर्व नसतो असं कुणी म्हणत असेल, तर ते खोटं आहे.

ती आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली. मागे तिची एक वही राहिली. जेवणं झाली की ती त्यात काहीतरी लिहायची. विचारलं तर म्हणायची, "तुमाले काय करायचं?" मुलगी तेलुगू शाळेत शिकलेली, मराठी बोलते, वाचता येत नाही. फोन छापलेलं बोलून दाखवतो, पण बायकोच्या अक्षरापुढे तोही गप्प. गावात वाचणारे पुष्कळ होते. पण तिच्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, हे मला सोसण्यासारखं नव्हतं. दोन वर्षं वही पेटीत पडून राहिली.

मग आदिलाबादेत एक निवृत्त मास्तर भेटले. जन्मांध, तेलुगू माणूस. त्यांच्याकडे एक जुनं परदेशी यंत्र होतं, आता कुठे बनत नाही म्हणे. उजव्या हाताने छोटा कॅमेरा ओळीवरून सरकवायचा आणि डावी तर्जनी यंत्राच्या खाचेत ठेवायची. तिथे बारीक टाचण्या थरथरतात, आणि कॅमेऱ्यासमोरच्या अक्षराचा आकार बोटाखाली उमटतो. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं झालं मला.

देवाने काही दिलं नाही. बोटाखाली नुसती गुणगुण. मास्तरांनी माझी तर्जनी चाचपली. वाळक्या बोंडाची टोकं टोचून टोचून तिचं कातडं टणक झालं होतं.

"पटेल, ये उंगली मर गई है. कपास छोड़ दो."

भयंकर राग आला. ज्या बोटाची गावभर वाहवा, ते मेलेलं? पण त्या हंगामात मी वेचणीला गेलो नाही. ओसरीवर बसून बोटाला खोबरेल चोळत राहिलो. बायका शेताकडे जाताना बोलायच्या ते ऐकू यायचं, आणि आपण घरातलं अडगळीचं सामान झालो असं वाटायचं. आठवड्यातून एकदा मुलगी बसने मास्तरांकडे न्यायची.

बोट जागं झालं, तर शिरोरेषा आडवी आली. मास्तरांचा सराव तेलुगू-इंग्रजीचा. त्या अक्षरांच्या डोक्यावरून सलग रेघ जात नाही. मराठीत वरच्या टाचण्या थांबतच नाहीत, खालचं काही कळू देत नाहीत. शेवटी मीच कॅमेरा जरा खाली धरून पाहिला. रेघ बाहेर गेली, अक्षरं सुटी झाली. वरच्या मात्रा अंदाजाने.

उन्हाळ्यात वही घेऊन गेलो. तिचं अक्षर मोठं, दाबून लिहिलेलं. एका पानाला सकाळ जायची. पहिली पानं साधीच होती. दळण, माहेर, मुलीची शाळा. मग एक पान ती आजारी पडायच्या आधीचं, पऱ्हाटीची बोंडं फुटल्याच्या दिवसांतलं निघालं.

"छातीत गाठ लागून राह्यली हाताले. यायले सांगतलं तं वेचणी सोडून दवाखान्यात बसतीन. कापूस घरी आला का सांगीन."

मात्रा चुकल्या असतील म्हणून कॅमेरा वर घेऊन रेघेसकट पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. तेच होतं.

"क्या लिखा है?" मास्तरांनी विचारलं.

"घर की बातें," मी म्हणालो.

पुढची पानं मी वाचली नाहीत. यंत्र बंद केलं, वही मिटली. मिटलेल्या बोंडातली अळी या बोटाला वरून कळायची, आणि रोज शेजारी झोपणाऱ्या बाईची गाठ कळली नाही. तिने सांगितलं नाही, हे खरं. पण मीही कधी हात लावून पाहिलं नाही. त्या हंगामातही ती रोज पलीकडच्या तासातून ओरडत होती, माझ्या बोटाला डोळे आहेत म्हणून.