बांगडी वाढली

दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. हुबळीच्या दाजीबानपेठेत एक कासार होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. हात धरण्याआधी तो आपले तळवे धोतराला पुसायचा, एवढं मात्र आठवतं. माझे हात जाड, म्हणून दुकानाची पायरी चढतानाच मी ते पदराखाली लपवायची.

लग्नाचा चुडा भरताना माझ्या तीन बांगड्या एकामागून एक तडकून गेल्या. सोबत आलेली होणारी नणंद हसली. "हात आहेत की मुसळं?" माझे डोळे भरून आले.

बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. कासारानं तुकडे हलकेच वेचले. माझी मूठ दाबून पाहिली आणि नणंदेला ऐकू जाईल असं म्हणाला, "बांगडी वाढली, अक्का. हात चांगलाय. माप माझं चुकलं." मग त्यानं वरच्या फळीवरून मोठ्या मापाचा हिरवा चुडा काढला. तो अलगद चढला.

आता माझे हात वाळलेत, बांगड्या कोपरापर्यंत घसरतात. परवा पोलकं दंडात घट्ट झालं म्हणून नात रडत बसली.

"शिंप्याचं माप चुकलं गं," म्हटलं, आणि शिवण उसवायला घेतली.